बंडप्पाला न सापडलेलं पंक्चर

येरमाळ्याच्या हायवेवर बंडप्पाचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबायची, बुडबुडा दिसला की ओरडायचं, "घावलं! आता निम्मं काम झालं." उरलेला वेळ ट्रकवाल्यांना शिव्या घालण्यात आणि नात शिवांजलीला मिरवण्यात. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेत सगळे चुनखडीचे खडे वेचून ढिगावर टाकतात. बंडप्पा तेही तिला खांद्यावर बसवूनच करायचा.

दिवाळीत त्याचं डोकं दुखायला लागलं, डावा हात लुळा पडला. सोलापुरात मेंदूतली गाठ काढली; ती वाईट जातीची, पुन्हा वाढणारी निघाली. बंडप्पानं एकच विचारलं, "कशानं झालं?" डॉक्टर म्हणाले, नक्की कळत नाही; काही संशोधकांना अशा गाठींत विषाणूच्या खुणा सापडल्यात, पण सिद्ध काही झालेलं नाही.

मुलगा बसवराज त्यातला 'विषाणू' तेवढा घेऊन घरी आला. करोनात शिकलेलं सगळं बाहेर निघालं. बापाची खाट दुकानामागच्या शेडमध्ये, ताट वेगळं, पोर आजोळी परंड्याला.

मी शेजारीण, जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. मला राहवेना.

"अरे मूर्खा, ते ज्या विषाणूबद्दल बोलतात तो तुझ्या-माझ्या अंगातही असेल. बहुतेकांच्या लहानपणीच शिरतो आणि गप पडून राहतो. गाठीत तो कुणाला सापडतो, कुणाला नाही. पण गाठ काही ताटातून लागत नाही!"

"मग दादांना कशानं झालं, सांगा की बाई."

"ते कुणालाच माहीत नाही."

"न्हाय ना माहीत? मग पोरीला कशी आणू?"

भिंतीशी बोलले असते तर बरं. खाटेवरून बंडप्पाच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. पंक्चर घावल्याबिगर म्या तरी ट्यूब बशिवली असती का?" मग भिंतीकडं तोंड करून, "पोर एकदा दिसली असती, तर लई बरं झालं असतं."

यात्रेच्या दिवशी सून हर्षालीनं नवऱ्याला न विचारता पोरीला आणलं. तोवर बंडप्पाची वाचा गेली होती. शिवांजलीच्या मुठीत चुनखडीचे खडे होते.

"दे आजोबांच्या हातात," हर्षाली म्हणाली.

पोरीनं फ्रॉक नाकावर ओढला, खडे दारातच जमिनीवर ठेवले आणि मागं सरली. "पप्पा म्हणलेत, लांबूनच."

बंडप्पानं उजवा हात खाटेबाहेर काढला. तो खड्यांपर्यंत पोचेना. थोडा वेळ तसाच लोंबला. मग त्याच हातानं त्यानं तिला खूण केली, अजून लांब हो.