अकरा मिनिटं

ओदिल आजी गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी ऑफिसात होते. पहिलं मनात आलं ते हेच, की त्याआधीच्या गुरुवारी मी गेले नव्हते... त्याला आता दीड महिना झाला.

इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या लायब्ररीत त्या फ्रेंच बोलायला शिकवत. ‘आजी’ हा शब्द मी त्यांना शिकवला आणि ‘मादाम’पेक्षा तोच त्यांना आवडला. पुढे दर गुरुवारी पाचला एका कॅफेत आम्ही भेटू लागलो. दुसऱ्या महायुद्धात, विशीत असताना त्यांनी जर्मनांविरुद्ध गुप्त चिठ्ठ्या पोचवल्या होत्या. नंतर ऱ्हाइन नदीपलीकडच्या, फ्रान्समधल्या आपल्या गावात त्या समाजवादी पक्षाच्या नगरसेविका झाल्या, गिरणीतल्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघरं काढायला लावली. म्हातारपणी लेकीपाठी इकडे आल्या. “ज्यांच्याशी लढले, त्यांच्याच म्हाताऱ्यांबरोबर आता फिरायला जाते,” म्हणून खदखदून हसायच्या.

पहिल्याच गुरुवारी मी आठ मिनिटं उशिरा पोचले, तर टेबल रिकामं. पुढच्या भेटीत मी चिडलेच. “अहो आजी, ट्राम चुकली होती!”

“पाच मिनिटं. गेनाऊ, बरोब्बर पाच,” त्या म्हणाल्या. “माणूस आला नाही तर निघायचं, हा चिठ्ठ्या पोचवताना आमचा नियम होता. माझा साथीदार ल्युसियाँ माझ्यासाठी अकरा मिनिटं थांबला. माझ्या सायकलची चेन पडली होती गं... जर्मन शिपाई त्याला धरून नेताना मी कोपऱ्यावरून पाहिलं.” त्यानंतर त्या कुणासाठीच थांबल्या नाहीत, महापौरांसाठीसुद्धा नाही.

त्या शेवटच्या गुरुवारी ट्राम मध्येच अडकली. सव्वापाच झाले. मोबाइल त्या बाळगत नसत. आता कुठल्या थांबतात, असं म्हणत मी उतरले आणि घरी परतले. खरं सांगायचं तर मी दमले होते, त्यांच्या नियमाचं निमित्त बरं पडलं. पुढच्या गुरुवारी त्यांची बोलणी खाऊ, असं ठरवलं. शनिवारी त्या झोपेतच गेल्या.

अंत्यविधीनंतर कॅफेत गेले, तर तिथली वाढणारी बाई जवळ आली. “त्या दिवशी तासभर बसल्या होत्या. तुमचीही कॉफी मागवून ठेवली. मी विचारलं, तर म्हणाल्या, येईल ती, ट्राम अडकली असेल.”

मी तिथेच ढसाढसा रडले. हे दुःख कुणाला सांगायचं आणि माफी तरी कुणाची मागायची?

अजूनही गुरुवारी जाते, पाचच्या आधीच. दाराकडे तोंड असलेली त्यांची खुर्ची मोकळी ठेवते, दोन कॉफ्या मागवते. पाच मिनिटं होतात, अकरा होतात... मला उठवत नाही.