यात उंट नाई, आबा

काय सांगू तुम्हाला… चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल!

आमच्या गावच्या शाळेत पोरांचं वाचन मोजायचं होतं. वाचन मोजायचं? मी कापूस मोजताना पाहिला, त्याचे आकडे लिहिण्यातच जन्म गेला. पण पोरांच्या डोक्यातलं कसं मोजत असतील? पाहायला गेलो, तर मॅडमनी मलाच खुर्चीत बसवलं.

"आबाजी, मोजपट्टी सगळ्यांना एकच. अक्षरं वाचली तर एक, शब्द दोन, वाक्य तीन, पूर्ण गोष्ट वाचली तर चार. तुम्ही आकडे लिहा, मी मागे बसून माझे लिहिते. मग जुळवून पाहू."

ज्याला एक, त्याला उन्हाळाभर शाळा. आणि माझी नात पिंकी तर तळेगावला मामाकडे जायची पिशवी भरून बसलेली!

पहिलं पोरगं आलं. कागद हातात धरला अन् उंटाची गोष्ट खाडखाड म्हटली. चार! दुसऱ्याचा तोच उंट. चार! तिसरा तर कागदाकडे पाहतही नव्हता. केवढा हुशार! चार!

मग पिंकी.

"वि… हि… री… त. विहिरीत… बे… डूक…"

बेडूक? मी हळूच विचारलं, "पिंकी, उंट कुठी गेला?"

"यात उंट नाई, आबा."

"नीट पाह्य. सगळ्याइले दिसला, तुलेच काऊन नाई दिसत?"

"नाईच आहे, तर आणू कुठून?"

अन् अडखळत शेवटपर्यंत बेडूकच वाचत गेली. जीव तुटला हो माझा! पण घरची म्हणून सोडली, असं गावाने म्हणू नये. डोळे पुसले आणि लिहिला एक.

मॅडमनी कागद जुळवले. माझे चार तिथे त्यांचा एक. माझा एक तिथे त्यांचे चार!

"आबाजी, उंटाची गोष्ट मागच्या महिन्यातली, पोरांना पाठ आहे. हा कागद नवा. वाचा बरं तुम्ही."

मी घसा साफ केला. कागद डोळ्यांसमोर धरला.

"एका गावात एक उंट होता…"

सगळा वर्ग हसून लोळला!

पिंकी मामाकडे गेली. जाताना म्हणाली, "आबा, तुमाले एक. मी येतवरी दोन करून ठेवजा."

उन्हाळाभर तीन उंटवाल्यांच्या रांगेत चौथा मी. 'विहिरीत'पर्यंत पोहोचलो, बेडूक अजून लांब आहे.

म्हणून हे सांगितलं मी, लिहिलं पिंकीने. मधे कुठे तिने उंट घुसवला असेल, तर तेवढं मला वाचून दाखवा!