प्रेमराजभाऊंचं गाणं आणि माझा मका

प्रेमराजभाऊंच्या बांधाला माझा बांध लागून आहे. आता याला कोण काय करणार? पहूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमची शेतं. भाऊ वरणगावच्या कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या बास्केटबॉलच्या टीममध्ये खेळायचे. उंची अशी, की शेतातल्या खोलीत शिरताना अजून डोकं आपटतं, आणि अजून ते दाराकडे नवलाने बघतात. रिटायर झाले, वहिनी वारल्या, पोरगी रूपा लग्न होऊन पुण्याला गेली, आणि हे गृहस्थ शेतात राहायला आले. सोबत काय आणलं? एक टॅब, एक दणदणीत स्पीकर आणि दोन नाद.

एक नाद जुन्या बास्केटबॉल मॅचेसचा. दुसरा बरोक. म्हणजे काय, मलाही माहीत नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातले लोक जे गायचे, ते गाणं. टीममध्ये एक बंगाली साहेब होते, त्यांनी भाऊंना दोन्ही नाद लावले आणि स्वतः बदली होऊन निघून गेले.

भाऊंनी गावात बऱ्याच जणांना ऐकवून पाहिलं. सरपंच चहा संपताच उठले. भजनी मंडळातला तोताराम पेटीवाला म्हणाला, "आवाज गोड शे, पण त्या बाईला एवढं रडवलं कोणी?" ती बाई नव्हतीच, चांगला दाढीवाला बाप्या होता! त्यानंतर कुणी फिरकलं नाही. सोबत बसून ऐकणारं एक माणूस हवं होतं भाऊंना, बाकी काही नाही. बांधावरून कुणी जाताना दिसलं, की ते आवाज थोडा वाढवायचे. मला कळायचं ते. मी मान खाली घालून मक्याला पाणी भरत राहायचो.

यंदा मक्याचा दाणा दुधात आला आणि डोंगरातून वांदरं उतरली. माझ्या शेताची पार वाट लावली. फटाके फोडले, बुजगावणं उभं केलं, तर मेल्यांनी त्याचा शर्ट पळवला. आणि शेजारी भाऊंच्या एका कणसाला धक्का नाही! दुपारी त्यांचा स्पीकर सुरू झाला, की थोड्या वेळात वांदरं पसार. माझी ट्यूब पेटली. गाण्याला भितात!

लगेच गेलो. म्हटलं, "भाऊ, तुमचं ते गाणं मला पेनड्राइव्हवर द्या की."

भाऊंचा चेहरा असा खुलला, की मलाच कसंतरी झालं. "तुला पाहिजे? खरंच?" मग लगेच मास्तर झाले. "नुसतं नेऊ नको. आधी आठवडाभर बसून ऐक, मग देतो."

बसलो. करतो काय! तो गायक एक ओळ घ्यायचा, ती दळत बसायचा, मग दुसरी दळायचा, आणि सुटलो एकदाचे म्हणावं तर परत पहिली.

"भाऊ, हे झालं ना मघाशी?"

"तेच तर. आता तो नटवून म्हणेल. नवरीला परत आत नेऊन दागिने घालतात ना, तसं."

गाणं झालं की मॅच. रोज तीच. भाऊंची आवडती टीम शेवटच्या क्षणाला एका पॉइंटने हरते. चेंडू रिंगवर गरगर फिरतो आणि बाहेर पडतो. भाऊ दोन्ही हात वर करून उडी मारतात, "अरे जाय ना मधी!" असं बोंबलतात, आणि मग मटकन खाटेवर बसतात.

"भाऊ, काल हरले, परवा हरले. आज कसे जिंकतील?"

"पण खेळतात किती मन लावून!"



पेनड्राइव्ह मिळाला. माझ्या शेतात स्पीकर लावला आणि लिंबाखाली निवांत आडवा झालो. उठून बघतो, तर वांदरं स्पीकरभोवती बसून कणसं सोलताहेत. एक तर स्पीकरवरच चढलेलं! माझं डोकंच फिरलं. तसाच तणतणत भाऊंकडे गेलो.

"काय कामाचं तुमचं गाणं? एक वांदर हललं नाही जागचं!"

भाऊंनी टॅब बाजूला ठेवला. "तू वांदरांसाठी बसत होता?"

"मग कशासाठी बसणार?"

"मला वाटलं, तुला गोडी लागली," एवढंच म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंच्या कानात इअरफोन. उडी नाही, बोंबलणं नाही, खाटेवर गप बसलेले. लवकरच वांदरं त्यांच्याही मक्यात घुसली. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. वांदरं गाण्याला भीत नव्हती, त्या ताडमाड म्हाताऱ्याच्या उडीला भीत होती!

पण ते राहू द्या. दुपार झाली की माझे कान तिकडे लागायचे. पाणी भरताना ती पहिली ओळ तोंडात यायची, आणि नटवायला गेलो की जमायची नाही. अशी चीड यायची! शेवटी गेलो आणि त्यांच्या खाटेवर जाऊन बसलो.

"लावा."

"वांदरांवर चालत नाही ते."

"वांदरं गेली खड्ड्यात. लावा म्हणतो ना!"

भाऊंनी इअरफोन काढले, स्पीकर लावला. गायकाने ओळ घेतली, दुसरी घेतली, आणि आता पहिलीवर परत येणार, तेवढ्यात बांधावरून माझी बायको भागाबाई ओरडली. तिचं माहेर लांब नरडाण्याकडचं, आवाजही तिथपर्यंत गेला असेल.

"तठे काय बशी राह्यनात? आठे वांदरं बठ्ठा मका खाई राह्यनात!"

"थांब गं जरा!" मी हात हलवला. "आता तो नटवून म्हणणार आहे!"

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. डोळे भरले होते त्यांचे, खोटं कशाला सांगू? माझीही अवस्था काही वेगळी नव्हती.

मग त्यांनी गाणं बंद केलं. ऐन रंगात आलेलं. आणि मी उठायच्या आत बांध ओलांडून, हात उंच करून, बोंबलत माझ्या मक्यात घुसले. वांदरं चौफेर उधळली. मधेच मागे वळून मला म्हणाले, "बघत काय बसला? ये लवकर! उद्या पहिल्यापासून ऐकू."