रिलेतल्या दोघी: सिडनी ते बरोसा

सिडनीहून बरोसा व्हॅलीला लोक वाइन चाखायला जातात, बहुतेक विमानाने. आम्ही कारने गेलो, आणि तेही चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेडीआजीला तिच्या जुन्या मैत्रिणीकडे पोचवायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

हेडीआजी हॅरिस पार्कला आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायची. जर्मन ज्यू, एकटी, गारमेंट फॅक्टरीतून रिटायर झालेली. एका शनिवारी तिला बरोसाहून फोन आला. त्या मैत्रिणीची, एल्झाची, मुलगी बोलत होती. एल्झा युद्धानंतर ऑस्ट्रेलियात आली होती, आता अंथरुणाला खिळली होती, आणि तिला हेडीला भेटायचं होतं. आजीला विमानाची भीती. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "आपण सोडू या की. मी रजा टाकतो." आजी आधी नाही म्हणाली. मग एका सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली.

गोलबर्नवरून ह्यूम हायवे, पुढे वॅगाला मुक्काम. अंधार पडायच्या आत मोटेल गाठा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर होती म्हणून बरं, नाहीतर वाटेत ‘मीट पाय’ नावाच्या खिम्याच्या पॅटिसशिवाय फारसं काही मिळत नाही. आजीने चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी ‘हे’ नावाचं गाव आणि त्यापुढचं मैदान लागलं. झाड नाही, वळण नाही, नुसता सरळ रस्ता. पेट्रोलची टाकी त्या गावातच भरून घ्या. बघायला काहीच नव्हतं म्हणून असेल, आजी बोलायला लागली.

ती पंधराव्या वर्षी धावायला लागली. ट्रॅक कोळशाच्या राखेचा. स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. पायांपुरते खड्डे खुरप्याने स्वतःच खणायचे. पडलं तर राख गुडघ्यात कायमची रुते. "डॉक्टर आईला म्हणाले, पळाली तर हिला मुलं होणार नाहीत. आई म्हणाली, मग हळू पळ." आजी हसली. ती हळू पळाली नाही. शंभर मीटरमध्ये शहरात पहिली आली, क्लबच्या रिले टीममध्ये तिसरा टप्पा तिचा झाला. बॅटन तिच्या हातात द्यायची एल्झा.

"मग हिटलर आला. त्या वसंतात ट्रेनिंगला गेले तर सेक्रेटरी दारात उभा. म्हणाला, ज्यूंना आता क्लबात जागा नाही. टीममधल्या तिघी मागे उभ्या होत्या."

"एल्झा काय म्हणाली?" मी विचारलं.

"बुटांची नाडी बांधत होती."

त्यानंतर ती एकदाच पळाली, सिडनीत, फॅक्टरीच्या पिकनिकला, स्कर्ट वर खोचून. पहिली आली. बक्षीस मिळाला डुकराचा अख्खा हॅम. ज्यू डुक्कर खात नाहीत, म्हणून तो शेजाऱ्यांना देऊन टाकला.

मिल्डुराला राहिलो. पुढे साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळं नेऊ देत नाहीत, त्यामुळे आदल्या रात्रीची संत्री गाडीबाहेर उभं राहून संपवली. आजी सोललेलं संत्रं हातात घेऊन नुसती उभी होती. "परत फिरायचं असेल तर सांग," मिलिंद म्हणाला. तिने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. त्याने गाडी चालू केली.

एल्झाचं घर द्राक्षमळ्यांना लागून होतं. तिच्या मुलीने आम्हाला आत नेलं. एल्झा उशांना टेकून बसली होती. आमच्यासाठी असेल, दोघी इंग्लिशमध्ये बोलल्या.

"मी काही बोलले नाही त्या दिवशी," एल्झा म्हणाली.

"नाही बोललीस."

"घाबरले होते."

"मीही." आजीने खुर्ची ओढली. मग आजीने विचारलं, "त्या वर्षी रिलेच्या फायनलला काय झालं?"

एल्झा म्हणाली, "चौथ्या आलो. तुझ्या जागेवरची मुलगी लवकर सुटली. माझा हात पोचेना."

"मी पण लवकर सुटायचे."

"हो, पण तू हात मागे ठेवायचीस."

आजीने बसल्या बसल्या उजवा हात मागे केला. एल्झाने तो धरला आणि मग बराच वेळ सोडला नाही. आम्ही चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "माफ केलंस का तिला?" आजी म्हणाली, "ते मला जमलं नाही. पण शर्यतीचं कळलं."

घरी आल्यावर सगळे रस्त्याचंच विचारतात. रस्ता उत्तम आहे, जरूर जा. माझ्याजवळ राहिलं ते वेगळंच. त्याच हिवाळ्यात एल्झा गेल्याचा फोन आला. मी खाली जाऊन आजीजवळ बसले. थोड्या वेळाने ती टीमची नावं सांगायला लागली, धावायच्या क्रमाने. मार्था. एल्झा. मग थांबली, स्वतःचं पूर्ण नाव म्हणाली, आणि शेवटी ग्रेटा.