शोधून देतो म्हणणारे दादा

आमचे थोरले बंधू, दादा, गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणत नसत. भोरच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात कुणी काहीही मागो, दादा आधी "आहे, शोधून देतो!" म्हणत आणि मग आत जात.

आत म्हणजे अंधारी कोठी. गूळ, खिळे, काथ्या, चहाची खोकी, सारं जागा दिसेल तिथं. असलेला माल पुन्हा मागवला जाई आणि संपलेल्याचा पत्ता गिऱ्हाईक आल्यावर लागे. "प्रत्येक वस्तूची जागा ठरवू, रोज संध्याकाळी काय उरलं ते पाहू," असं सांगून सांगून माझा घसा सुकला. दादा हसत. "अरे, दुकान आहे, पलटणीचं कोठार नाही."

लढाईच्या दिवसांत हिवतापावरची कोयनेल मिळेनाशी झाली. एका सकाळी वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरून धोंडाबाई आली. तिची लेक तापानं फणफणली होती.

"कोयनेल हाय का, मालक?"

"आहे, शोधून देतो! बसा."

दादांनी पोती सरकवली, खोकी उपसली. मीही चडफडत शोधत होतो. धोंडाबाई पायरीवर बसून होती. उन्हं कलली तेव्हा दादा धुळीनं माखून बाहेर आले. "संपली वाटतं, बाई."

ती उठली. "तवाच न्हाई म्हनला असता, तर म्या नसरापूर गाठलं असतं." एवढंच बोलून गेली.

दोन-तीन दिवसांनी चहाच्या खोक्यामागं कोयनेलची भरलेली बाटली सापडली. मी दादांना नाही नाही ते बोललो. त्यांनी बाटली उपरण्यात बांधली आणि दुखऱ्या गुडघ्यानं डोंगर चढून गेले. परतले तेव्हा बाटली तशीच होती. पोर आदल्या दिवशीच गेली होती.

त्यानंतर दादा दुकानात आले नाहीत. भोंगवलीच्या आमच्या शेतावर जाऊन राहिले. मी कोठी रिकामी करून सारा माल जागच्या जागी लावला. आता मागितलेली वस्तू डोळे मिटून काढता येई, नसेल तर तसं लगेच सांगता येई. इतकी वर्षं ओरडून जे झालं नाही, त्यासाठी एक पोर जावी लागली. त्याचा संताप अजून जात नाही.

पुढं एकदा धोंडाबाई मिठाला आली. "थोरलं मालक कुठं हायेत?" तिनं विचारलं. मी ते भोंगवलीला जाऊन दादांना सांगितलं. ते बांधावरचं गवत कापत होते. विळा थांबला.

"तिला ताटकळत नाही ना ठेवलंस?"

"नाही," मी म्हणालो.

ते पुन्हा गवत कापू लागले.