नेट उलटं फिरतं तेव्हा

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गावातल्या शेतपंपांचे डॉक्टर. बोअरची मोटर गरगर फिरते पण पाणी वर येत नाही, अशा वेळी लोक त्यांना गाडीवर बसवून नेतात. ते स्टार्टर उघडतात, दोन वायरींची अदलाबदल करतात आणि उलटी फिरणारी मोटर सुलटी फिरू लागते. काम एवढंच. पण ते अशा तोऱ्यात करतात की मालक चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

अनसिंगला घराच्या पुढच्या खोलीत मी ऑनलाइन कामांचं दुकान थाटलं, तेव्हा मामाजी कम्प्युटरपाशी फिरकायचे नाहीत. पण एकदा मी वाशीमला गेले असताना सासूबाईंनी पलंग सरकवला आणि कम्प्युटरची नेटची वायर त्याच्या पायाखाली येऊन तुटली. समोर गिऱ्हाईक बसलेलं. मग मामाजींना काय राहवतं?

मी परतले तर ते जमिनीवर मांडी घालून बसलेले, दातांत काळी टेप. वायरीतून आठ बारीक रंगीत तारा बाहेर आलेल्या.

"सूनबाई, तुह्यं नेट उलटं फिरून राह्यलं," ते म्हणाले. "दोन-दोन तारा बदलून पाह्यल्या. एखादी जोडी बसनच."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर आवाज चढवला, "मामाजी, हे मोटर हाये काय? जळला असन ना माहा कम्प्युटर!"

त्यांनी टेप तोंडातून काढून खिशात ठेवली. मला लगेच वाईट वाटलं, पण राग काही उतरला नव्हता. तणतणतच मी नेटवाल्याला फोन लावला आणि घरात कोणीतरी तारा बदलल्याचं सांगितलं.

तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, त्या वायरीतून नुसते बारीकसे सिग्नल जातात. तारा चुकल्या तर नेट लागत नाही, पण कम्प्युटरला काही होत नाही. नवी वायर लावा आणि मोकळ्या व्हा. "फक्त गच्चीवरच्या नेटच्या अँटेनाची वायर हाये, तिले कोनालेबी हात लावू देऊ नका. तिच्यातून करंटबी जाते. तिथं उलटसुलट झालं का अँटेना गेला समजा."

मी फोन ठेवून ही खुशखबर मामाजींना सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. पण ते छताकडे बघू लागले.

"वरचीबी बदलली ना म्या," ते म्हणाले. "आधी तिथूनच सुरू केलं."

नवी वायर लावली. कम्प्युटर ठणठणीत, अँटेना खलास. संध्याकाळी मामाजी चहालाही आले नाहीत. मीच कप घेऊन ओसरीवर गेले, तर हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नोको बाई. गावात समजलं त मले कोनी मोटरीले हात लावू देईन काय?"

एवढा रुबाबदार माणूस असा कप हातात धरून बसलेला पाहून मला कसंतरीच झालं. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी नेटवाला नवा अँटेना घेऊन आला. गच्चीवर तो, मी, मामाजी आणि दोन शेजारी, कारण आमच्याकडे कोणी गच्चीवर चढलं की शेजाऱ्यांना खाली करमत नाही.

"वायर कोनं तोडली?" त्यानं विचारलं.

"माकडाईनं," मी ठोकून दिलं. माकडं रोजच येतात, त्यामुळे शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या.

नेटवाल्यानं जोड निरखून पाहिला. "मॅडम, तुमच्या इथली माकडं टेपबी लावतेत काय? आन् तेबी अशी ढिल्ली?"

मामाजी गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलंही. पण ते शेजाऱ्यांना बाजूला सारून पुढे झाले.

"ढिल्ली? कोनाले ढिल्ली म्हनतं बे? ओढून दाखव! अशाच टेपीवर बोअरात मोटरी सोडतो म्या!"