सोयगावचं ठेसन

नोकरी संपल्यापासून माझा एक पाय घरात आणि एक दारात. चिकलठाण्याच्या कारखान्यात सगळं आयुष्य टूलरूममध्ये काढलं. ड्रॉइंग समोर असल्याशिवाय मशीनला जॉब लावला नाही. निवृत्त झालो आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीत प्लायवूडचं भलं मोठं टेबल ठोकलं. त्यावर छोटी रेल्वे उभी करायची, रूळ, स्टेशन, सिग्नल, झाडं सगळ्यासकट, हे माझं लहानपणापासूनचं वेड. टेबल झालं, रूळ आले, इंजिन आलं. आणि तिथंच घोडं अडलं. कुठली रेल्वे करायची, हेच ठरेना.

खरी करायची की मनची? या छंदाच्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात यावरून कायम जुंपलेली. एक पार्टी म्हणते, जी लाईन खरोखर होती तीच करा, डब्याचा रंगसुद्धा तोच पाहिजे. दुसरी म्हणते, गाव तुमचं, नाव तुमचं, कुणाच्या बापाचं काय जातं. मी पहिल्या पार्टीतला. मला आपल्या शहराचं छोट्या लाईनच्या, म्हणजे मीटरगेजच्या दिवसांतलं स्टेशन करायचं होतं. लहानपणी वडील मला गंगापूरहून एसटीनं फक्त गाडी दाखवायला घेऊन आले होते. आम्ही गाडीत बसलो नाही. शेंगा खाल्ल्या, गाडी बघितली आणि परत गेलो.

पण करायला बसलो तर पाण्याची टाकी रुळाच्या अलीकडं होती की पलीकडं? कुंपण लाकडी होतं की लोखंडी? फोटो मिळाले ते सगळे मोठी लाईन झाल्यानंतरचे. स्टेशनवर जाऊन जुन्या माणसांना विचारलं तर प्रत्येकाची टाकी वेगळ्या जागी. मी सकाळी रूळ अंथरायचो आणि जेवायच्या आत उचलायचो. मग चिडून म्हणायचो, मरू दे, मनचंच गाव करू. पण मनचं गाव करायला बसलं की हातच चालेना. स्टेशन डावीकडं ठेवलं तरी चालतं, उजवीकडं ठेवलं तरी चालतं. सगळंच चालतं म्हटल्यावर कशालाच हात लावावासा वाटेना. बायको म्हणायची, "तुम्ही नोकरीवर होता तेच बरं होतं."

अशात सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. सोयगावला एकट्या राहतात, डोळ्याचं ऑपरेशन करायला इकडं आणलं. खाट टाकायला रेल्वेच्या खोलीशिवाय जागा नव्हती. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं चूल, धूळ, वाकणं बंद सांगितलं आणि बायकोनं मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच सांगितलं, "आता तिला परत पाठवायची नाही. कायमची इथंच ठेवू. तिकडं एकटी पडून काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" मी हो म्हणालो. म्हातारी मला आवडायची.

मामींना कुणी विचारलं नव्हतं. त्या रोज सकाळी अंघोळ करून, काळा चष्मा लावून बॅग भरायच्या आणि खाटेवर बसायच्या. "सिल्लोडवरून जाणारी येस्टी किती वाजता हाय?" कमरेला नाडीत ओवलेली किल्ली होती. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची. सकाळी दार उघडायचं, झाडून काढायचं, मेणबत्ती लावायची, हे त्यांचं काम. येताना किल्ली चुकून सोबत आली म्हणायच्या. मला नाही वाटत चुकून.

"दुसरी किल्ली नाही का कुणाकडं?" बायको विचारायची.

"हाय ना. पण पह्यली माझी हाय."

पुढं डॉक्टरनं डोळा चांगला झाला म्हणून सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं स्टूल घेतलं आणि बॅग माळ्यावर टाकली. मामींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बॅग भरायची नाही म्हणून त्यांचे हात रिकामे झाले. खिडकीपाशी जायच्या, खाटेवर यायच्या, परत खिडकीपाशी. तिकडं मी रूळ उचलतोय, ठेवतोय. एका खोलीत दोन माणसं, दोघांचाही जीव थाऱ्यावर नाही.

"पाव्हणं, ही गाडी जाती कुठं?" एकदा त्यांनी विचारलं.

"अजून कुठंच नाही मामी. ठरायचंय."

"मंग सोयगावला न्या की."

मला हसू आलं. "सोयगावला कुठं आहे रेल्वे?"

"तुमच्या फळीवर तरी कुठं हाय?"

बायको दारातून ऐकत होती. रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाली, "करा ना सोयगाव. तिचा जीव रमेल. रमली तर राहील." म्हणजे माझं टेबल आता सासूबाईंना अडकवायच्या कामाला लागलं. मला राग आला आणि बरंही वाटलं. निदान कुणीतरी माझ्यासाठी ठरवलं. नसलेली लाईन करायची म्हणजे मी पार्टी बदलली, पण ग्रुपवर कळवायची काय गरज?

सकाळी मी खडूनं टेबलावर गाव आखलं आणि स्टेशन बाजाराशेजारी दाखवलं. मनचंच तर होतं, कुठंही चाललं असतं.

"तिथं नको," मामी म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा ऱ्हात नाय."

मी विहाराजवळ दाखवलं.

"तिथं तर नकोच. वंदना चालू आसली अन् शिट्टी वाजली मंग?"

"मग कुठं मामी? हे सगळं काल्पनिक आहे. कुठंही ठेवा."

त्यांनी बोट टेकवलं. "हितं. कापसाच्या वखारीच्या मागं. पडीक हाय ती जागा. फलाटाचं तोंड उगवतीला, म्हंजी दुपारचं ऊन पाठीवर यील. बायांना बसायला वट्टा. नळ वट्ट्याच्या ह्या अंगाला, त्या नाय, तिकडं चिखल व्हतो."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"लगीन होऊन आले तवापास्नं ऐकते, रेल्वे येणार, रेल्वे येणार. आमी बायांनी धुणं धुताना कवाच ठरवून टाकलं व्हतं, आली तर कुठं यील."

खरोखर असलेल्या स्टेशनची टाकी मला सापडत नव्हती आणि कधी न झालेल्या स्टेशनचा नळ कुठल्या अंगाला हे मामींना तोंडपाठ होतं. मला त्यांचा हेवा वाटला, अगदी लहान पोरासारखा.

मग काम असं सुरू झालं की बास. जुन्या सुपरवायझरनं कधी घेतलं नसेल इतकं काम त्यांनी माझ्याकडून घेतलं. वट्टा उंच झाला म्हणून तोडायला लावला. "म्हाताऱ्या बाया चढायच्या कशा?" चिंच दोनदा उपटून हलवली. वखारीवर खराखुरा कापूस चिकटवला तो त्यांनी बोटांनी विंचरून दिला. विहाराला दार केलं तर म्हणाल्या, कुलूप राहिलं. तांदळाच्या दाण्याएवढं कुलूप मी पत्र्यातून कापलं. त्यांनी ते पाहिलं आणि हात कमरेच्या किल्लीवर गेला. मी बघितलं, पण बायकोला सांगितलं नाही. ती खुशीत होती. आई जेवते, बोलते, येस्टीचं नाव काढत नाही. आणि मीसुद्धा खुशीत होतो. सकाळी उठून खोलीत जायला कारण होतं. मामी गेल्या तर माझं काय, हा विचार मनात यायला लागला होता आणि मी तो ढकलत होतो.

पाटी मामींनी सांगितली तशी रंगवली. सोयगाव. दुसरं टोक चिकलठाणा, आमच्या घराचं. दोन्हीवरून जाणारी गोल लाईन टाकली, म्हणजे गाडी आपोआप फिरत राहील.

पहिल्यांदा गाडी धावली ती दुपारी. मामी टेबलाच्या काठाला हात धरून खुर्चीवर, बायको चहाचे कप घेऊन दारात. गाडी चिकलठाण्याहून निघाली, वळण घेऊन वखारीमागं आली, वट्ट्याला चाटून पुढं गेली, परत चिकलठाण्याला. पुन्हा फेरा. पुन्हा फेरा.

"बघ आई," बायको म्हणाली, "इथं बसल्या बसल्या रोज सोयगाव."

मामी काही वेळ गाडीबरोबर नजर फिरवत राहिल्या.

"ही थांबत का नाय?"

"गोल आहे ना मामी. फिरतच राहते."

"ते दिसतंय मला. डोळं चांगलं झाल्यात आता." त्यांनी मान वळवली नाही. "सोयगावला थांबवा, पाव्हणं. मला उतरायचंय."

मी बायकोकडं पाहिलं. ती माझ्याकडं नाही, आईच्या कमरेकडं बघत होती. मी वेगाचं बटण हळूहळू मागं घेतलं. गाडी वट्ट्याशी येऊन उभी राहिली.

बायकोनं कप टेबलाच्या कडेला ठेवले आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं फरशीवरून माळ्याकडं स्टूल ओढत नेल्याचा आवाज आला.